स्कूटर कुठे लावायची?

*ताई, मी ३४ वर्षांची आहे. द्राक्षपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते, पतसंस्थेत कॅशियर आहे. नवऱ्याची बाग आहे, मुलगी चौथीत आहे. दोन वर्षांपूर्वी माझे बाबा गेले, तेव्हापासून झोप उडाली आहे. रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. दिवसा मध्येच छातीत धडधडतं, हात गार पडतात, फोन वाजला की जास्तच. ईसीजी काढला, नॉर्मल आला. नणंदेच्या ओळखीच्या एक काउन्सेलर आहेत, त्यांच्याकडे गेले. तासभर त्याच बोलल्या. दुसरं मूल होऊ दे, सगळं विसरशील, म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात नणंदेला माझं सगळं माहीत होतं. मग सांगलीत एका मानसोपचार डॉक्टरांकडे गेले. तीन तास बसले आणि पाच मिनिटांत गोळ्या घेऊन बाहेर आले. चार दिवस घेतल्या, मळमळलं, सोडल्या. दोन्हीकडे जमलं नाही म्हणजे माझ्यातच काही खोट आहे का? आपल्याला जमेल असा माणूस जवळपास शोधायचा कसा? गाव लहान आहे. माझी लाल स्कूटर सगळे ओळखतात, त्या पाटीखाली लावली की संध्याकाळपर्यंत घरी कळेल. ऑनलाइन चालतं का? नवऱ्याला सांगू का? कधीकधी वाटतं, डोळा लागला की सकाळ होऊच नये.*

*ता.क. बाबांनी त्या दिवशी दुपारी फोन केला होता. मी कॅश जुळवत होते म्हणून कट केला.*

*– नाव-गाव छापू नये*

तुझं नाव-गाव छापलेलं नाही. स्कूटरचा रंगही मी बदललाय. तेव्हा निर्धास्त वाच, हवं तर काउंटरवर बसून वाच.

आधी ‘सकाळ होऊच नये’ या वाक्याबद्दल. ते तू बाकीच्या तक्रारींच्या रांगेत हळूच ठेवून दिलंयस. मी बावीस वर्षं एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते आणि त्यातली बरीचशी वर्षं मनोविकार विभागाच्या ओपीडीबाहेर टेबल टाकून बसले. असं हळूच ठेवलेलं वाक्य आम्ही कधी ओलांडून पुढे गेलो नाही. म्हणून सरळ विचारते, तूही स्वतःशी सरळ उत्तर दे. हे दमल्यामुळे येतं, की जीव द्यावा असं मनात येतं? कसा, कधी, असले बेत येतात का? येत असतील तर थेरपिस्ट शोधणं वगैरे सगळं आज बाजूला ठेव. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. अडीचला जाग आली तर अडीचला लाव. घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांग आणि जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा.

आणि तसले विचार येत नसले तरी एक काम कर. बागेची औषधं जिन्याखाली, मोरीजवळ, माळ्यावर ठेवली असतील तर ती शेडमध्ये कुलपात जाऊ देत, किल्ली नवऱ्याकडे राहू दे. कारण विचारलं तर मुलीचं नाव सांग, तेही खोटं नाही. द्राक्षपट्ट्यातून येणाऱ्या प्रत्येक पत्राला मी हे लिहिते.

आता तुझा प्रश्न. तुझ्यात खोट नाही. पहिल्या बाईंकडे तुला उपचार मिळालेच नाहीत, ओळखीतल्या वडीलधाऱ्या बाईचा सल्ला मिळाला. तो तुला हळदीकुंकवालाही मिळाला असता. दुसरीकडे मिळाले ते उपचारच, पण अर्धे, आणि ते का अर्धे राहिले हे तुला कुणी सांगितलं नाही.

घोळ भाषेपासूनच सुरू होतो. मराठीत आपण तीन वेगवेगळ्या माणसांना ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणून मोकळे होतो. सायकॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. निदान करणं आणि औषधं देणं हे त्याचं मुख्य काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही, तो बोलण्यातून उपचार करतो, गरज पडली तर मानसशास्त्रीय चाचण्या घेतो. बहुतेकांनी एम.ए.नंतर दोन वर्षं रुग्णालयात काम करत एम.फिल. केलेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. त्या नोंदणीला ‘सीआरआर नंबर’ म्हणतात. परिषदेच्या वेबसाइटवर नाव घालून तो तपासता येतो, पाच मिनिटांचं काम आहे. तिसरा समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर. इथे सगळी सरमिसळ आहे. एम.ए. करून, अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेले उत्तम काउन्सेलर मी पाहिलेत, आणि दोन रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलेही पाहिलेत. त्यांनाही नोंदणीखाली आणणारा कायदा २०२१ मध्ये झाला आहे, पण म्हणून पाटीवरच्या शब्दावर विसंबू नकोस. शिक्षण काय, कुठे केलं, कोणाच्या हाताखाली शिकलात, हे विचार. ज्याने ते खरोखर केलंय तो आनंदाने सांगतो.

सांगलीच्या डॉक्टरांवर तुझा राग आहे. तीन तास बसवून पाच मिनिटं दिली म्हटल्यावर असणारच. पण मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांच्या शंभरातल्या ७० ते ९२ माणसांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. म्हणजे जे दारापर्यंत येतात ते मूठभर, आणि त्या मुठीचीसुद्धा रांग जिन्यापर्यंत जाते. त्या डॉक्टरांकडून तुला तासभर बोलणं मिळणार नव्हतं. ते दुसऱ्याचं काम आहे, आणि ‘मला बोलायलाही कुणीतरी हवंय, तुम्ही कुणाकडे पाठवता?’ हा प्रश्न त्यांना विचारायचा राहून गेला. तो आता विचार. कोणत्या गोळ्या दिल्या ते तू लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तरी मी त्यांच्याबद्दल सल्ला दिला नसता, मी डॉक्टर नाही. पण एवढं पक्कं सांगते की उदासी आणि भीतीवरच्या बऱ्याचशा गोळ्यांनी पहिला आठवडा मळमळतं, आणि त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चौथ्या दिवशी सोडलीस म्हणजे त्रास तेवढा भोगलास आणि गुण यायच्या आत उठलीस. आपल्या मनाने परत सुरू करू नकोस. त्यांच्याकडेच जा आणि ‘मळमळलं म्हणून सोडल्या’ हे जसंच्या तसं सांग. डॉक्टर रागावत नाहीत, रोज ऐकतात. जाताना थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून ने. ईसीजी नॉर्मल आला म्हणून रक्त तपासायचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि धडधड, थकवा, उडालेली झोप यांत थायरॉइडचा हात कधीकधी निघतो.

‘चांगला माणूस ओळखायचा कसा’ असं तू विचारतेस. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तुला कशासाठी माणूस हवाय? पत्रात तू झोप लिहिलीस, धडधड लिहिली, नणंद, डॉक्टर, स्कूटर, सगळं लिहिलंस. पत्र संपवलंस, सही केलीस. मग ‘ता.क.’ लिहून बाबांचा फोन. ओपीडीतही असंच व्हायचं. केसपेपर घेऊन माणूस उठायचा, दारापर्यंत जायचा, पडदा हातात धरून मागे वळायचा आणि म्हणायचा, ‘अजून एक होतं…’ त्या पडद्यातल्या वाक्यासाठीच तो आलेला असायचा.

तुझा ताजा कलम ही तुझी गरज आहे. वडील जाण्याचं दुःख आणि त्यात अडकलेली ‘मी फोन कट केला’ ही बोच. फोन वाजला की छाती धडधडते हेही त्याच दोराचं दुसरं टोक असावं, असं मला वाटतं. ते ठरवायचा अधिकार मात्र तुझ्यासमोर बसणाऱ्या माणसाचा. पण शोधायचं काय हे आता नेमकं झालं. मूल होत नाही म्हणून, नवरा-बायकोचं पटत नाही म्हणून, परीक्षेची भीती वाटते म्हणून जाणाऱ्याला वेगळा माणूस लागतो. घरात दारूचा प्रश्न असता तर मी तुला आधी पुण्याच्या मुक्तांगणचं नाव सांगितलं असतं, १९८६ पासून त्यांचं तेच काम आहे. तुला हवाय तो जवळचं माणूस गेलेल्यांबरोबर आणि अशा अचानक येणाऱ्या भीतीबरोबर काम केलेला माणूस. फोनवर पहिल्याच मिनिटात हे विचारता येतं.

मोठं नाव हवंच असंही नाही. आई गेली तेव्हा मी स्वतः गेले होते. वीस वर्षं दुसऱ्यांना पाठवत होते, त्यामुळे लाज वाटत होती, पण गेले. पहिल्यांदा पुण्यात, फार नावाजलेल्या एका गृहस्थांकडे. दोन महिने नंबर लागत नव्हता. माणूस विद्वान, शंकाच नाही. मी रडायला लागले की ते माझ्या रडण्याचा अर्थ सांगायचे. अर्थ बरोबर असायचा. मी चार वेळा गेले आणि दर वेळी परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखी घरी आले. मग आमच्याच गावात, पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर बसणारी एक मुलगी, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. खाली गिरणी सुरू झाली की तिची फरशी थरथरायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, ‘आई गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात पहिल्यांदा काय केलंत?’ मी आईची मिसळणाची डबी उघडली होती आणि तिच्यातल्या जिऱ्याच्या वाटीत आईने ठेवलेली दहाची नोट निघाली होती. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. गिरणी चालू होती, मला मोठ्याने बोलावं लागलं. मी तिच्याकडे सात महिने जात होते.

त्या गृहस्थांकडे बरे झालेले लोक मला ठाऊक आहेत. मला ते जमले नाहीत, इतकंच.

अमेरिकेतल्या एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये हे ‘जमणं’ तीन गोष्टींत सांगितलं होतं. आपण कशासाठी भेटतोय यावर दोघांचं एकमत, ते साधायला काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा धागा. उपचाराची पद्धत कोणतीही असो, ही तिन्ही जुळली तर गुण येण्याची शक्यता वाढते, हे पुढच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं. नणंदेच्या ओळखीच्या बाईंना यावर बसवून बघ. तू झोपेसाठी गेली होतीस, त्या दुसऱ्या मुलासाठी बोलत होत्या. करायचं काय, तर विसरायचं. आणि विश्वास आठवडाभरात नणंदेच्या घरी पोचला.

जवळपास नावं कुठून काढायची? पहिला फोन त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कर. बहुतेक सायकॅट्रिस्टांचं एखाद्या सायकॉलॉजिस्टबरोबर येणं-जाणं असतं, कधी त्याच मजल्यावर ते बसतात. दुसरं, मिरज. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. तिथे केसपेपर काढून समाजसेवा अधीक्षकाचं टेबल शोध. माझ्या जातकुळीची माणसं आहेत ती. बाहेर कोण चांगलं बसतं, कोण फी कमी करतं, कोण लेकरांनाच बघतं, याची यादी त्यांच्या डोक्यात असते. तिसरं, १४४१६ वरही ‘माझ्या जिल्ह्यात कुठे जाऊ’ असं विचारता येतं, ती लाइन फक्त संकटापुरती नाही. एखाद्या मैत्रिणीला गुण आला असेल तर तिलाही विचार, पण ‘चांगले आहेत का’ असं विचारू नकोस. ‘तिथे बसल्यावर नेमकं काय होतं?’ असं विचार. उत्तरात ती किती बोलली आणि समोरचा किती बोलला, ते ऐक.

दोन-तीन नावं मिळाली की फोन कर. हा फोन बायकांना फार जड जातो, म्हणून लिहूनच देते. ‘नमस्कार, मला अपॉइंटमेंट घ्यायची आहे, त्याआधी दोन मिनिटं बोलू का? माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, त्यानंतर झोप नाही आणि धडधड होते. असं काम तुम्ही करता का? साधारण कसं करता? एक बैठक किती वेळाची आणि फी किती?’ एवढंच. बाबांच्या फोनचं फोनवर सांगायची गरज नाही.

उत्तरं कान देऊन ऐक. ‘या तुम्ही, बघू’ असं कुणी म्हणेल. त्यात वाईट काही नाही, पण त्यातून तुला कळलं काहीच नाही, पुन्हा विचार. ‘दहा सेशनचं पॅकेज आहे, आधी भरलं तर सूट’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून ठेव. ‘शंभर टक्के बरं करतो’ म्हणणाऱ्यालाही. मागच्या जन्मात जायला सांगणारा, खडे-तेल-पावडर विकणारा निघाला तर नमस्कार न करताच ठेव. आणि कुणी म्हणालं की ‘हे माझं क्षेत्र नाही, मी लहान मुलांबरोबर काम करते, पण अमुक यांना विचारा’, तर त्या बाईंचा नंबर जपून ठेव. त्यांनी सांगितलेलं नाव सोन्यासारखं असतं.

फी आमच्या भागात एका बैठकीला साधारण ५०० ते १,००० रुपये, पुण्या-मुंबईत १,००० ते २,५०० आणि त्याच्याही पुढे. बैठक पाऊण तास ते पन्नास मिनिटांची. पंधरा दिवसांतून एकदा झेपेल की आठवड्याला, हे तू आधी घरी मांड. महिन्याचं गणित तुला काय शिकवायचं! दर आठवड्याला सुरू करून तिसऱ्या आठवड्यात पैशांमुळे सोडण्यापेक्षा पंधरवड्याला सहा महिने जाणं बरं. फी कमी होईल का, हे विचारायला लाजू नकोस. पुष्कळ जण करतात, फक्त पाटीवर लिहीत नाहीत.

भाषेबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण मी बोलणार आहे. तू पत्रात ‘छातीत धडधडतं’ लिहिलंस. घरी काय म्हणतेस? जीव घाबरा होतो? काळजात धस्स होतं? पोटात खड्डा पडतो? नुसती हुरहूर लागते? ही चार वेगळी दुखणी आहेत, आणि समोरच्याला तो फरक कळायला हवा. माझ्या टेबलावर एक आजी यायची, तिचं एकच म्हणणं, ‘आतून कसंतरीच हुतंया.’ नव्या डॉक्टर मुलाने लिहिलं, अस्पष्ट तक्रार. आजीच्या सुनेला विचारलं तर ती म्हणाली, नातू पुण्याला गेल्यापासून असं म्हणते. ‘कसंतरी’ अस्पष्ट नव्हतं, त्याला तारीख होती. तेव्हा इंग्रजीत झकास बोलणारा आणि तुझं ‘कसंतरी’ न कळणारा माणूस नको. बाईच हवी असं वाटत असेल तर तेही फोनवर सरळ सांग, त्यात कुणाचा अपमान नाही.

पद्धतींची नावं कानावर पडतील. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं यांची गाठ सोडवत जाण्याची रीत, झोप आणि धडधड या दोन्हींवर ती चांगली चालते. आरईबीटी ही अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमाराला काढलेली, मनातले अविवेकी समज तपासून बदलायला शिकवणारी पद्धत, मराठीत ती ‘विवेकनिष्ठ’ म्हणून ओळखली जाते आणि आपल्याकडे तिचे जाणकार बरेच आहेत. दोन्ही चांगल्या. पण माझं एक वैयक्तिक मत ऐकून ठेव. तू बाबांच्या फोनचं सांगितलंस आणि तिसऱ्या मिनिटाला कुणी ‘हा अपराधीपणा अविवेकी आहे’ असं समजावू लागलं, तर तो माणूस घाई करतोय. अविवेकी असेलही. आधी त्याने ती दुपार ऐकायला हवी. किती वाजले होते, किती रुपये जुळत नव्हते, मोबाइल कुठे ठेवला होता.

पहिल्या भेटीला जाताना एक वही ने. पंधरा दिवस तिच्यात कॅशबुकासारखे तीन रकाने पाड. कधी झोपले, कधी जाग आली, धडधड कधी आणि त्याआधी काय चाललं होतं. चौथ्या रकान्याचा मोह आवर, कारणं लिहायची नाहीत. पहिली बैठक बरीचशी माहिती विचारण्यातच जाते, ती कोरडी वाटली तरी घाबरू नकोस. मी लोकांना तीन बैठका द्यायला सांगायचे. तिसरीनंतर बाहेर येऊन स्वतःला विचार, की मी काय सांगायचं टाळतेय? टाळतेय ते ‘अजून धीर होत नाही’ म्हणून असेल तर जात राहा. ‘या माणसाला सांगण्यात अर्थ नाही’ म्हणून असेल तर त्यांनाच तसं म्हण: ‘मला वाटतंय तुम्ही सल्ले लवकर देता, मला आधी बोलायचंय.’ हे वाक्य म्हणणं अवघड आहे. पण त्यावर समोरचा काय करतो, यासारखी दुसरी परीक्षा नाही. जो चांगला आहे तो थांबतो आणि पुढच्या वेळेपासून बदलतो. जो फुगतो, त्याच्याकडे चौथ्यांदा जायचं कारण नाही. सोडताना खुलासा देणं लागत नाही. ‘मी इथे थांबते’ एवढा मेसेज पुरे.

काही गोष्टींवर मात्र तीन बैठकांची वाट बघायची नाही. दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी ओळखू येतील अशा सांगणं, तुला न विचारता नवऱ्याला फोन करणं, अंगाला नको तसा हात लावणं, डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगणं. यांतलं काहीही झालं तर तिथल्या तिथे उठायचं. आणि ओळखीतला माणूस नकोच, कितीही भला असला तरी. नणंदेची मैत्रीण तुझी थेरपिस्ट होऊ शकत नाही, आणि हे खरं तर तिनेच तुला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तू जे सांगशील ते गुप्त राहणं हा तुझा हक्क आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तो लिहिलेला आहे. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवाद असतो. चांगला थेरपिस्ट हा अपवाद पहिल्याच भेटीत आपणहून सांगतो.

ऑनलाइन चालतं. पुण्या-मुंबईतले मराठी थेरपिस्ट व्हिडिओवर भेटतात. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्यावर १९९० पासून मराठीत काम करणारी संस्था आहे, तिथेही विचारून बघ. गावात ओळख निघण्याची भीती ऑनलाइनमध्ये संपते. पण तू बसणार कुठे? घरात सासूबाई, मुलगी, आणि दाराला कडी लावली की ‘काय गं, काय झालं?’ एक बाई मोटारीत बसून बोलायची, एक जण पॅकिंग शेडमध्ये, एक जण शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. तुझ्याकडे दाराला आतून कडी लागणारी पन्नास मिनिटं आहेत का, ते आधी बघ. आणि तुझा मूळ त्रासच फोन वाजण्याचा आहे, तेव्हा निदान सुरुवात समोरासमोर व्हावी असं मला वाटतं. जमल्यावर मग एक भेट इथे, एक भेट फोनवर, असंही करता येतं.

नवऱ्याला सांगायला हवंच असं नाही. तू सज्ञान आहेस, कुणाची परवानगी लागत नाही. पण तुझ्या पत्रात नवऱ्याबद्दल एकही कडू शब्द नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. बहुधा तोही रात्री अडीचला जागाच असतो आणि झोपल्याचं सोंग करतो. ‘झोपेसाठी डॉक्टरांकडे जातेय’ एवढं सांगून बघ. फक्त हंगाम बघून सांग. माल तोडणीला आलाय आणि आभाळ भरून आलंय अशा दिवशी कोणत्याही बागायतदाराला बायकोचं काहीही ऐकू येत नाही.

राहिली स्कूटर. ती एसटी स्टँडवर लाव आणि सांगली-मिरजेला बसने जा. तिथे त्या पाटीखाली तुला ओळखणारं कुणी नाही, आणि निघालंच तर तेही कशासाठी तरी आलेलंच असेल. बसचं आणखी एक कारण आहे. अशा बैठकीतून उठलं की माणूस लगेच रस्त्यावर गाडी चालवण्याच्या अवस्थेत नसतो. मला तर गिरणीच्या जिन्यावर दहा मिनिटं बसावं लागायचं. तुला येताना अर्धा तास खिडकी मिळेल. मोबाइल पर्समध्ये राहू दे, वाजला तर वाजू दे.